गंगारामचा चहा

शाहू महाराजांनी एका महाराच्या हॉटेलात चहा घेतला, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. जयंतीच्या भाषणात येते, शाळेच्या निबंधात येते. टाळ्या पडतात. पण त्या हॉटेलवाल्याचं नाव विचारा, निम्मे गप्प. नाव सांगितलंच तर तो बिचारा नाटकातल्या हुजऱ्यासारखा नुसता कपबशी धरून उभा. म्हणून मला ही गोष्ट उलटीकडून सांगायचीय. पिणाऱ्याकडून नव्हे, चहा करणाऱ्याकडून.

नाव गंगाराम कांबळे. मी त्याला अरेतुरे करतो, ते आपल्या घरातला म्हणून. कोल्हापूर दरबारच्या पागेत तो नोकर होता. पागेतलं पाणीही जातीनं वाटलेलं. मराठा नोकरांच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मारलं. घोड्याचं अंग चोळायला महाराचा हात चालतो, हौदाला चालत नाही!

महाराज तेव्हा दिल्लीला होते. ते परतल्यावर गंगाराम आपली माणसं घेऊन सोनतळीच्या कँपावर गेला आणि सगळं सांगितलं. गोष्ट सांगणारे इथून भरकन पुढं पळतात, महाराजांनी मारणाऱ्याला चाबकानं फोडला म्हणून. मी इथं थांबतो. मार खाल्लेल्या महारानं घरी येऊन हळद लावून गप पडायचं, असा तो जमाना. हा गडी उठतो आणि राजासमोर तोंड उघडतो. उद्या त्याच पागेत, त्याच माणसांत उभं राहायचंय हे ठाऊक असून. दोस्तहो, गोष्टीतलं पहिलं धाडस हे आहे. चहा नंतरचा.

महाराजांनी त्याला नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, भांडवल दिलं. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघालं. नाव ‘सत्यसुधारक’. भवानी मंडपाकडं जाणारा हा रस्ता, ऐन गावातला. महारवाड्याच्या तोंडाशी नव्हे.

आणि गिऱ्हाईक फिरकेना.

महाराजांचं मोठेपण मी कमी करत नाही. १९०२ ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा, १९१८ ला महार वतन मोडीत, १९१९ ला सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखान्यांत शिवाशीव बंद करण्याचे हुकूम. कोण करत होतं त्या वेळी एवढं? पण हुकमानं विहीर उघडते. महारानं उकळलेला चहा गावाच्या नरड्याखाली उतरवायला कुठला हुकूम काढणार?

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या हॉटेलात माझ्या बापाची कपबशी वळचणीला खोचलेली असायची. चहा वरून ओतायचे. पिऊन झालं की बाप ती विसळून पुन्हा तिथंच ठेवायचा. मी हे बघितलंय, त्यामुळं गंगारामच्या दुकानाकडं मी जरा वेगळ्या डोळ्यांनी बघतो. तिथं कपबशा महाराच्या मालकीच्या होत्या. भांडी घासून, पाणी भरून, आधण ठेवून तो रस्त्याकडं बघत बसायचा. पलीकडनं गाव नाक मुरडून जायचं. राजा गाडीतनं उतरून एक कप पितो, त्याला पाच मिनिटं लागतात. रिकाम्या बाकड्यांसमोर दुकान उघडं ठेवायला काय लागतं, ते इतिहासकारांनी मोजलेलं नाही.

मग महाराज आले. गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवला, स्वतः प्यायले, सोबतच्या बड्या लोकांना पाजला. सहीसाठी, कामासाठी मागं लागलेल्यांनाही तिथं चहा घ्यायला लावू लागले. ज्याला सही पाहिजे त्यानं महाराचा चहा पोटात घालायचा, मग बोलायचं. हा डाव मला फार आवडतो. उपदेश नाही, भाषण नाही. पुढं सोडावॉटरचं यंत्रही त्यांनी गंगारामला घेऊन दिलं.

६ मे १९२२ ला महाराज मुंबईत वारले. पाठीशी उभा असलेला राजा गेला. गंगाराम राहिला. १९२५ साली त्यानं पुढाकार घेतला आणि कोल्हापुरात अस्पृश्य समाजानं शाहू महाराजांचं स्मारक उभं केलं. महाराजांचं हे पहिलं स्मारक. ते ना सरदारांनी बांधलं, ना जहागीरदारांनी. आणि महाडचं चवदार तळं तेव्हा अजून दोन वर्षं लांब होतं.