झालेली प्रार्थना, राहिलेली प्रार्थना

सप्टेंबर १७७४. अमेरिकी वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाच्या कार्पेंटर्स हॉलमध्ये जमले होते. कामकाजाआधी प्रार्थना व्हावी, असे थॉमस कुशिंग यांनी सुचवताच जॉन जे आणि जॉन रटलेज यांनी हरकत घेतली. कोणी अँग्लिकन, कोणी क्वेकर, कोणी प्रेस्बिटेरियन. सगळ्यांनी मिळून उपासना करायची कशी? तेव्हा सॅम्युअल ॲडम्स उठले. माणूस सदाचारी आणि देशाचा हितचिंतक असला की झाले, प्रार्थना कोणत्याही पंथाची चालेल, असे सांगून त्यांनी जेकब डुशे या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे नाव सुचवले. ॲडम्स स्वतः काँग्रिगेशनल पंथाचे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सूचनेचे मोल कळते.

७ तारखेला डुशे धर्मवस्त्रे घालून आले. त्या दिवसाच्या नेमाचे ३५वे स्तोत्र त्यांनी वाचले. शत्रूंपासून सोडव, असे देवाला साकडे घालणारे. इंग्रजांनी बॉस्टनवर तोफा डागल्याची बातमी नुकतीच येऊन थडकली होती. ती पुढे खोटी ठरली, पण त्या सकाळी सभागृह हेलावून गेले. वाचन संपल्यावर डुशे यांनी उत्स्फूर्त प्रार्थना केली. जॉन ॲडम्स यांनी १६ सप्टेंबरला पत्नी ॲबिगेल यांना लिहिलेल्या पत्रात हे सारे आहे. इतिवृत्तात मात्र प्रार्थनेची आणि आभाराच्या ठरावाची त्रोटक नोंद तेवढी सापडते.

अमेरिकेच्या संस्थापकांना सभागृहात प्रार्थना हवीच होती, हे दाखवायला एवढाच पुरावा पुढे करणारे अर्धीच हकीकत सांगतात. २८ जून १७८७ रोजी, त्याच शहरात, राज्यघटना परिषद लहानमोठ्या राज्यांच्या प्रतिनिधित्वावरून अडली होती. ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी रोज सकाळी प्रार्थनेचा प्रस्ताव मांडला. परिषदेत फूट पडल्याचा बोभाटा होईल, अशी काहींना धास्ती वाटली. ह्यू विल्यमसन म्हणाले, धर्मोपदेशकाला द्यायला पैसेच नाहीत. मतदान न होताच बैठक उठली. तीनचार जण सोडले तर प्रार्थनेची गरज कोणालाच वाटली नाही, अशी नोंद फ्रँकलिन यांनीच आपल्या हस्तलिखितावर करून ठेवली आहे. तरीही प्रस्ताव मंजूर झाल्याची आख्यायिका पुढे पसरली, आणि परिषदेची टिपणे ठेवणाऱ्या जेम्स मॅडिसन यांना ती खोडून काढावी लागली.

१७८९मध्ये नव्या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी पगारी धर्मोपदेशक नेमले. त्या वेतनाच्या विधेयकाला मॅडिसन यांनी मत दिले. उतारवयातल्या टिपणांत मात्र त्यांनी ही प्रथा घटनाविरोधी ठरवली. १९८३मध्ये नेब्रास्का विधिमंडळातल्या प्रार्थनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. प्रथा वैध ठरवणाऱ्या बहुमताने मॅडिसन यांनी विधेयकाला दिलेल्या मताचा दाखला दिला, तर विरोधी निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मॅडिसन यांच्याच उतारवयातल्या टिपणांचा.