साष्टीच्या तलावांतील मगर

सुटीच्या दिवशीं मुलांबाळांसह घराबाहेर पडून एखादें उद्यान, एखादें लेणें किंवा प्राणिसंग्रह पाहून यावें, ही मुंबईकर गृहस्थाची जुनी हौस आहे. अशा सहलींत मगरींच्या हौदापाशीं गर्दी पुष्कळ जमते आणि निराशाही पुष्कळ होते. वाघ येरझारा घालतो, माकड उड्या मारतें, हत्ती सोंड हालवितो. मगर मात्र जबडा वासून ओंडक्यासारखी पडलेली असते. ती जिवंत आहे कीं मातीची, असा वाद मुलांत सुरू होतो आणि तो निकालांत काढण्याकरितां कोणी तरी खडा मारतो. वास्तविक ही निश्चलता हाच मगरीच्या जीवनाचा मुख्य व्यवहार होय. अंगांत ऊब उत्पन्न करण्याची शक्ति तिला नाहीं. ती ऊब तिला उन्हापासून उसनी घ्यावी लागते आणि अंग फार तापलें म्हणजे जबडा उघडून तें निववावें लागतें. हालचाल कमी म्हणून भूकही कमी. त्यामुळें एकदां पोटभर खाल्ल्यावर ती कित्येक दिवस अन्नावांचून राहूं शकते. कोट्यवधि वर्षांच्या उलथापालथींतून तिचा वंश टिकला, त्याचें एक कारण ही काटकसर होय.

मगर पाहण्यासाठीं मुंबईच्या उपनगरांतील कुटुंबें दूरदूरच्या मगरपालन केंद्रांस भेट देऊन येतात. परंतु बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या डोंगराळ प्रदेशांत विहार, तुळशी व पवई हे जे तीन तलाव आहेत, त्यांत मोकळी मगर आजही नांदत आहे, हें त्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसतें. हौदांतली मगर आणि तलावांतली मगर यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, आणि त्यापासून घेण्यासारखा बोधही एकच आहे.

प्रथम नांवाविषयीं. मराठींत मगर आणि सुसर हे शब्द पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात. लांब, निमुळत्या तोंडाची आणि केवळ मासळीवर जगणारी उत्तर हिंदुस्थानांतील घडियाल ही निराळी. आपल्याकडील मगर रुंद तोंडाची, गोड्या पाण्यांत राहणारी, पूर्ण वाढली म्हणजे बारा-तेरा फूट लांब होणारी. तिच्या खरखरीत पाठीवर 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण मराठी माणसानें बसविली. नदी ओलांडावयाची तर पाण्यांतल्या धनिणीची स्तुति करणें भागच होतें. या म्हणींत भीति आहे, विनोद आहे, आणि पाण्यावर पहिला हक्क कोणाचा याची कबुलीही आहे.

आतां तलावांकडे वळूं. साष्टी बेटाच्या या डोंगरांत पाणी सांठविण्याची विद्या फार जुनी. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांपैकीं अनेक लेण्यांच्या दाराशीं भिक्षूंनीं खडकांत टांकीं खोदलीं. तेथील शिलालेखांत त्यांना 'पोढी' असें म्हटलें आहे. मुंबई शहर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विहिरी आणि तळीं यांवरच अवलंबून होतें. १८५४ सालच्या पाणीटंचाईंत तर शहरांतील गुरें बाहेर हलवावीं लागलीं. तेव्हां हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें मिठी नदीचें वरचें खोरें अडवून विहार तलाव बांधण्यास १८५६ सालीं आरंभ झाला आणि १८६० सालीं तो पुरा होऊन नळाचें पाणी शहरांत आलें. पुढें १८७९ सालीं तुळशी तलाव तयार झाला आणि १८९० च्या सुमारास पवईचा. पवईचें पाणी पिण्यास योग्य न ठरल्यामुळें तें इतर कामांकडे वळविण्यांत आलें. विहार आणि तुळशी हे मात्र आजही मुंबईची थोडीबहुत तहान भागवीत आहेत.

हे तलाव मनुष्यानें स्वतःसाठीं बांधले; त्यांत मगरीचा विचार कोणी केला नव्हता. तथापि तिला जें लागतें तें सर्व येथें जमून आलें. खोल पाणी, भरपूर मासळी, ऊन खाण्यास उथळ कांठ आणि मनुष्याची वर्दळ थोडी. तुळशी आणि विहार यांचें पाणी स्वच्छ राहावें म्हणून भोंवतालचें रान राखण्यांत आलें. तेंच पुढें बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, गाभा बनलें. शहराच्या पाण्याची जी काळजी घेतली गेली, तिचा लाभ अशा रीतीनें मगरीलाही मिळाला.

मगर आणि मनुष्य यांचा शेजार सर्वत्र वैराचाच होता असें मात्र नाहीं. गोव्यांत फोंडा तालुक्यांतील दुर्भाट गांवीं पौषी अमावास्येच्या सुमारास 'माणगे थापणी' नांवाचा विधि शेतकरी करतात. खाडीच्या पाण्यापासून शेतें राखणाऱ्या बांधाजवळ चिखलाची मगर थापून तिची पूजा करावयाची, असा तो आचार आहे. जवळच कुंभारजुव्याच्या कालव्यांत खऱ्या मगरी राहतात. बांध फुटला तर शेत खारें होतें. तेव्हां बांधाशेजारीं राहणारीला राखणदार मानण्यांत शेतकऱ्याचा व्यवहार आणि श्रद्धा दोन्ही आहेत.

सहलीचें स्थान म्हणून मगरींची कीर्ति प्रथम झाली ती कराचीजवळील मंघोपीर येथें. १९३६ सालापर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यांत मोडत होता आणि कराचींत मराठी कुटुंबांची वस्तीही बरीच होती. शहराच्या उत्तरेस ऊन पाण्याच्या झऱ्यांपाशीं एका पिराची कबर असून तिच्या शेजारच्या तळ्यांत मगरी पाळलेल्या आहेत. मुसलमान त्या स्थानास पीर मंघो यांच्या नांवानें, तर हिंदू लाला जसराज या नांवानें भजत असत. भाविक नवस फेडण्यासाठीं मगरींस मांस घालीत आणि गोरे साहेब केवळ मौज पाहण्यासाठीं येत. एका तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें मगरींच्या पाठींवरून पावलें टाकीत तें तळें ओलांडून दाखविल्याची हकीकत रिचर्ड बर्टन या प्रवाशानें नमूद केली आहे. एकाच तळ्याच्या कांठीं एकानें हात जोडावे आणि दुसऱ्यानें पैज मारावी, हा त्या काळाचा विरोध ध्यानांत घेण्यासारखा आहे.

विसाव्या शतकांत तिसरीच दृष्टि आली, ती व्यापाऱ्याची. मगरीच्या पोटाकडील कातड्याच्या पिशव्या, पट्टे आणि जोडे परदेशांत मोठ्या किमतीस विकले जात. दुसऱ्या महायुद्धानंतर बंदुका आणि विजेऱ्या खेडोपाडीं पोंचल्या. रात्रीं विजेरीच्या झोतांत मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, त्यामुळें शिकार अगदीं सोपी झाली. त्यांत धरणांमुळें नद्यांचीं पात्रें बदललीं आणि जाळ्यांत सांपडूनही पुष्कळ मगरी मेल्या. दोन-तीन दशकांत देशांतील बहुतेक नद्यांमधून ती दिसेनाशी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिची शिकार बंद केली. परंतु जेथें बीजच उरलें नव्हतें, तेथें नुसती बंदी काय करणार? म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें आणि रॉबर्ट बस्टर्ड या तज्ज्ञाच्या सल्ल्यानें १९७५ सालीं मगर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. नदीकांठचीं अंडीं गोळा करून तीं उबवावीं, पिलें तीन-चार फूट लांबीचीं होईपर्यंत पोसावीं आणि मग नदींत सोडावीं, अशी ती योजना होती. महाराष्ट्रांत ताडोबाच्या अरण्यांत १९७७ सालीं असें केंद्र निघालें.

त्याच सुमारास, १९७६ सालीं, मद्रासच्या दक्षिणेस महाबलिपुरमच्या वाटेवर समुद्रकांठीं रोम्युलस व झाई व्हिटेकर या दांपत्यानें मद्रास क्रोकोडाइल बँक ही संस्था स्थापन केली. तिचा आपल्या उपनगराशीं एक संबंध आहे. अंधेरीच्या जुहू लेनमध्यें राहून पक्षिनिरीक्षकांचें एक वार्तापत्र चालविणारे झफर फतेहअल्ली यांची झाई ही कन्या. रोम्युलस हे जन्मानें अमेरिकन, पण लहानपणींच मुंबईस आलेले. त्यांनीं संस्थेस 'बँक' असें नांव दिलें, तें विचारपूर्वक. येथें ठेव ठेवावयाची ती मगरींची, आणि देशांतील नद्यांस गरज लागेल तेव्हां ती व्याजासह परत करावयाची. कुटुंबेंच्या कुटुंबें तिकिट काढून मगरी पाहण्यास येऊं लागलीं आणि त्या पैशावर संशोधनही चाललें.

या संशोधनानें पुष्कळ जुने समज बदलले. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशीं पाण्यापासून थोड्या उंचीवर, मऊ मातींत किंवा वाळूंत खड्डा खणून पंचवीस-तीस अंडीं घालते आणि दोन महिन्यांहून अधिक काळ त्या जागेवर पहारा करते. पिलें अंड्यांतूनच आवाज देऊं लागलीं कीं ती माती उकरून त्यांना जबड्यांत धरून पाण्यांत नेऊन सोडते. हें दृश्य अर्धवट पाहून मगर आपलींच पिलें खाते असें लोक समजत आले होते. नर मगरही पिलांस असेंच वाहून नेतो, हें मद्रासच्या केंद्रांत दिसून आलें. त्याहून नवलाची गोष्ट १९८९ च्या सुमारास तेथील अभ्यासानें पुढें आणली. मगरीचें पिलूं नर होणार कीं मादी, हें गर्भांत ठरत नसून मातीच्या उष्णतेवर ठरतें. खड्ड्यांतील उष्णता सुमारें एकतीस अंशांपर्यंत राहिली तर सर्व माद्या निपजतात. ती साडेबत्तीस अंशांच्या आसपास गेली तर नर. म्हणजे मगरीच्या वंशाचें भवितव्य कांठाच्या मातीच्या एका-दीड अंशावर लोंबकळत असतें. त्या मातीवर सांवली कोणाची पडते, ओल किती राहते, वरून कोण तुडवितें, या साऱ्या गोष्टींना म्हणूनच महत्त्व आहे.

पालनकेंद्रांना यश आलें, किंबहुना अपेक्षेपेक्षां अधिक आलें. पण त्या यशांतूनच अडचण उभी राहिली. हौद पिलांनीं भरून गेले आणि पिलें मोठीं होऊं लागलीं. पण त्यांना सोडावयाचें कोठें? नद्यांचे कांठ तोंवर शेतीनें, वीटभट्ट्यांनीं, वाळूच्या उपशानें आणि वस्तीनें व्यापले होते. थायलंड वगैरे देशांत मगरींची शेती करून कातडीं विकतात. आपल्या कायद्यानें तो मार्ग बंद आहे. त्यामुळें तारण म्हणून ठेवलेली ठेव परत घेण्यास घेणेकरीच उरला नाहीं. अंडें उबविणें सोपें, कांठ उबविणें अशक्य, हा या केंद्रांचा खरा अनुभव होय. दुसरीकडे जेथें मगर टिकली, तेथें मनुष्याशीं तिचा खटका उडूं लागला. सांगलीकडे कृष्णेच्या पात्रांत मगरीनें माणसांस ओढून नेल्याच्या दुःखद घटना घडल्या आहेत. ज्या घरचें माणूस गेलें, त्या घराला मगरीच्या रक्षणाचें माहात्म्य सांगतां येत नाहीं. नदींत उतरण्याची जागा आणि मगरीची जागा वेगळी राखणें, घाटावर कुंपण घालणें, सूचना देणें, हीं कामें म्हणूनच संरक्षणाचाच भाग समजलीं पाहिजेत.

मुंबईंत हा प्रश्न पवईच्या कांठीं उभा राहिला. विहार व तुळशी यांना रानाचें कुंपण आहे. पवईला शहरानें चहूंबाजूंनीं वेढलें आहे. १९५८ सालीं तेथें तंत्रविज्ञानाची मोठी संस्था निघाली, मागाहून उंच इमारती आल्या. सांडपाणी तलावांत येऊं लागलें आणि जलपर्णी माजली. इतकें होऊनही मगरी तेथें राहिल्या. पुढें महानगरपालिकेनें नागरिकांच्या आरोग्यासाठीं आणि करमणुकीसाठीं तलावाच्या कडेनें सायकलींची व चालण्याची वाट बांधावयास घेतली. हेतु वाईट नव्हता. परंतु त्यासाठीं तलावाच्या पात्रांत दगडांची भर पडूं लागली. ज्या उथळ कांठावर मगर ऊन खाते आणि अंडीं घालते, तोच यांत झांकला जाईल, असा आक्षेप निघाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. ६ मे २०२२ रोजीं न्यायालयानें हें काम बेकायदेशीर ठरवून केलेलें बांधकाम काढून टाकण्याचा आणि जागा पूर्ववत् करण्याचा हुकूम दिला. दीड शतकापूर्वीं ज्या शहरानें आपल्या तहानेसाठीं या डोंगरांत पाणी अडविलें, त्याच शहराच्या न्यायमंदिरांत पाण्याचा कांठ हा पाण्याचाच भाग होय, हें तत्त्व अशा रीतीनें मान्य झालें.

ज्या कुटुंबांस मगर पाहण्याची हौस आहे, त्यांनीं मद्रासचें केंद्र अवश्य पाहावें. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पात्रांत होडींतून मगरी दाखवितात, तीही सहल करावी. परंतु एखाद्या थंडीच्या सकाळीं, ऊन वर आल्यावर, मुलांना पवईच्या रस्त्यावरूनही तलाव दाखवावा. जवळ दुर्बीण असली तर उत्तम. पाण्याशीं जाऊं नये, खाण्याचे जिन्नस टाकूं नयेत. कारण मनुष्याच्या हातच्या अन्नाला सोकावलेली मगर पुढें मनुष्यालाच धोक्याची होते. कदाचित् मगर दिसेल, कदाचित् दिसणार नाहीं. हौदापाशीं ती दिसण्याची खात्री असते, कारण तिला जाण्यास दुसरी जागाच नसते. तलावांत ती दिसली नाहीं तरी कांठावरील ओल्या मातीचा पट्टा मुलांना नक्की दाखवितां येईल. तो पट्टा मोकळा राहिला तर मगरीची व्यवस्था मगर आपली आपण पाहून घेते.