तळटीप : कुत्र्याचा घास
१. कुत्र्याचा घास : राजापेठेतील घरी श्राद्धाच्या दिवशी गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्यासाठी काढलेला हा घास म्हणजे ‘श्वानबली’. तो यमाच्या श्याम व शबल या कुत्र्यांच्या नावे असतो. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातील १४व्या सूक्तात सरमेचे हे चार डोळ्यांचे पुत्र परलोकीच्या वाटेचे राखणदार आहेत. मृताला त्यांच्या हवाली करून त्याचे कल्याण मागितले आहे. नॉर्स पुराणकथांतला गार्म हा असाच कुत्रा. स्नोरीच्या १३व्या शतकातील ‘एड्डा’ ग्रंथात तो ग्निपा गुहेपाशी बांधलेला असतो. जगाच्या अंतकाळी सुटून ट्यूर देवाशी लढतो आणि दोघेही मरतात. आपल्याकडे मात्र या राखणदारांकडे मृतासाठी सोबत मागितली जाते. म्हणून हा घास भीतीचा नव्हे, विनवणीचा समजावा. – संपा.