कोडिंग येतं, मग रडार आणि इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर शिकायला किती अवघड?

रडारमधून सुटलेली रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तिला जाऊन परत यायचं असतं, म्हणून एक मायक्रोसेकंदानं परतलेली लहर १५० मीटरवरची वस्तू दाखवते. आता समजा, रडार सेकंदाला १,००० पल्स सोडतंय. १८० किलोमीटरवरच्या विमानावर आपटलेली लहर परत येईपर्यंत पुढची पल्स सुटलेली असते आणि पडद्यावर विमान दिसतं ३० किलोमीटरवर!

हिंजवडीत कोड लिहिणाऱ्याला ही गोष्ट लगेच ओळखू येईल. हा मोड्युलो आहे. १८० ला १५० नं भागलं की बाकी ३०. यावरचा उपायही ओळखीचा: पल्सचा वेग बदलत राहायचा आणि वेगवेगळ्या बाक्यांवरून खरं अंतर काढायचं. अंकशास्त्रात याला चिनी शेष प्रमेय म्हणतात.

रडारचा बराच भाग असाच आहे. गोंगाटात बुडालेली आपली पल्स शोधणं म्हणजे कन्व्होल्यूशन, वेग मोजणं म्हणजे एफएफटी.

मग गाडी अडते कुठे?

भौतिकशास्त्रात. अंतर दुप्पट झालं की परतणारी लहर निम्मी होत नाही, ती सोळावा हिस्सा उरते. जाताना चौथा हिस्सा आणि येताना पुन्हा त्याचा चौथा. हे आकडे इतके झपाट्यानं लहान होतात की सगळा हिशोब डेसिबलमध्ये मांडावा लागतो. कोडिंगवाल्यांनी पहिला महिना डेसिबललाच द्यावा. तो कंटाळवाणा जातो, पण त्याला पर्याय नाही.

इलेक्ट्रॉनिक वॉरफेअरचं मूळही याच आकड्यात आहे. विमानावरच्या जॅमरची लहर एकाच दिशेनं प्रवास करते, त्यामुळे अंतर दुप्पट झाल्यावर तिचा चौथा हिस्सा उरतो, सोळावा नाही. म्हणून लांबून जॅमर जिंकतो. विमान जवळ येत गेलं की एका टप्प्यावर रडारची लहर वरचढ होते आणि विमान उघडं पडतं. या टप्प्याला बर्न-थ्रू म्हणतात. हुशार प्रोसेसिंगनं तो टप्पा लांब ढकलता येतो, पुसून टाकता येत नाही.

फसवणूक हा याहून चलाख प्रकार. शत्रूची पल्स डिजिटल मेमरीत साठवायची आणि १० मायक्रोसेकंद उशिरा परत सोडायची. रडारला खऱ्या विमानामागे दीड किलोमीटरवर दुसरं विमान दिसतं. सायबर सुरक्षेत काम केलेल्याला हा रिप्ले अटॅक वाटेल, आणि बचावही तसाच आहे: दर वेळी पल्सचा आकार किंवा फ्रिक्वेन्सी बदलायची.

कमकुवत सिग्नल कसा शोधतात, याचं उत्तम उदाहरण पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिचा युद्धाशी संबंध नाही, ती फक्त ऐकते. १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापारेली यानाचा क्षीण सिग्नल तिनं पकडला होता. यानाचा वेग बदलला तशी फ्रिक्वेन्सी सरकत गेली आणि उतरण्याच्या थोडं आधी सिग्नल तुटला. यान कोसळल्याचं नंतर स्पष्ट झालं. डॉप्लर म्हणजे काय, हे समजायला याहून बोलका आलेख मिळणं कठीण.

सुरुवात घरबसल्या करता येते. पायथनमध्ये एक पल्स, एक लक्ष्य आणि भरपूर गोंगाट तयार करून लक्ष्य शोधायचं. एमआयटी लिंकन लॅबोरेटरीची रडारवरची व्याख्यानं मोफत आहेत, एनपीटीईएलवरही अभ्यासक्रम मिळतात. स्कोलनिक यांचं ‘इंट्रोडक्शन टू रडार सिस्टिम्स’ हे या विषयाचं जुनं पाठ्यपुस्तक, पण त्याआधी डेव्हिड अॅडमी यांचं ‘ईडब्ल्यू १०१’ वाचलं तर बरं, त्यात गणित बेतानं आहे. पुढे औपचारिक शिक्षण हवं असेल, तर खडकवासल्याजवळ गिरीनगरला संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं डीआयएटी हे अभिमत विद्यापीठ आहे. १९५२ मध्ये शस्त्रास्त्रांच्या अभ्यासासाठी सुरू झालेल्या या संस्थेत आज रडारही शिकवलं जातं.

जॅमिंगचे प्रयोग मात्र सिम्युलेशनमध्येच ठेवायचे. खासगी व्यक्तीनं जॅमर वापरणं भारतात बेकायदा आहे.