प्रताप (अमळनेर)

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर शहरात ‘प्रताप’ या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिरणी, शाळा, महाविद्यालय आणि तत्त्वज्ञान केंद्राविषयीची ही नोंद. बोरी नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी नुसते ‘प्रताप’ म्हणून भागत नाही. पुढे मिल, हायस्कूल, कॉलेज किंवा केंद्र असे काहीतरी जोडावेच लागते. मराठी वाचकाला या नावाने आधी प्रतापगड आठवतो, नाहीतर महाराणा प्रताप. अमळनेरच्या प्रतापचा या दोहोंशीही संबंध नाही. हा प्रताप म्हणजे कापसाच्या पैशातून गिरणी काढणारा आणि त्याच पैशातून वेदान्ताच्या अभ्यासकांना गावात आणून बसवणारा एक शेठ.

नावाचा धनी. श्रीमंत शेठ मोतीलाल माणेकचंद उर्फ प्रतापशेठ. कागदोपत्री नाव मोतीलाल असले तरी गावाच्या तोंडी ‘प्रतापशेठ’ हेच रुळले आणि पाट्यांवरही तेच चढले. दात्याच्या पाळण्यातल्या नावाऐवजी लोकांच्या तोंडचे नाव संस्थांना मिळावे, असे फार ठिकाणी घडत नाही. गिरणीच्या नफ्यातून शाळा, धर्मशाळा, दवाखाने काढणारे धनिक त्या काळी बरेच होते. प्रतापशेठांचे वेगळेपण हे की त्यांनी तत्त्वज्ञानावर खर्च केला. त्याचा मोबदला ना व्यापारात मिळतो, ना निवडणुकीत.

प्रताप मिल. या नावाची पहिली मोठी वास्तू. खानदेशची काळी जमीन कापसाची. सुरत ते भुसावळ हा तापी खोऱ्यातला लोहमार्ग 1900 पर्यंत पुरा झाला आणि अमळनेर त्यावरचे स्टेशन बनले. कापूस दारात आणि रेल्वे उशाशी, अशी सोय झाल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे प्रताप स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची सूत आणि कापड गिरणी उभी राहिली. एरवी बाजारपेठेचे आणि सखाराम महाराजांच्या समाधीचे म्हणून ओळखले जाणारे गाव गिरणीगाव झाले. भोंगा, पाळी, पगाराचा दिवस हे शब्द अहिराणी बोलणाऱ्या घरांत शिरले.

गिरणी आली तशी कामगार चळवळही आली. 1946 मध्ये अमळनेरात कामगारांवर गोळीबार झाला आणि त्यात कामगार नेते श्रीपत पाटील मारले गेले. गिरणीचा इतिहास मालकाच्या दानशूरपणापुरता सांगितला की हा भाग हटकून गळतो, म्हणून येथे मुद्दाम नोंदवला आहे. आता गिरणी बंद आहे. ‘प्रताप मिल कंपाउंड’ हा पत्ता मात्र पाकिटांवर चालू राहिला.

तत्त्वज्ञान मंदिर, आजचे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र. स्थापना 1916. प्रतापशेठ आणि त्यांचे सहकारी वल्लभदास शेठ यांचा यात पुढाकार होता. इंग्रजीत याचे नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी. देशभरच्या तत्त्वज्ञांना अमळनेर माहीत झाले ते या नावाने. अद्वैत वेदान्त हा संस्थेचा मुख्य विषय, पण अभ्यासाची रीत पोथी लावण्याची नव्हती. अभ्यासकांनी येथे राहावे, वाचावे, वाद घालावा, लिहावे अशी ती व्यवस्था होती. घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी दीर्घकाळ संचालकपद सांभाळले. रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही पुढे भारतीय तत्त्वज्ञानात मोठी झालेली माणसे येथे अभ्यासक म्हणून राहून गेली. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ याच विषयावर ग्रंथ लिहिला, तो 1933 चा. अज्ञान कोणाला असते, ब्रह्माला की जीवाला, हा वेदान्तातला जुना पेच. त्यावर तिघांची तीन मते एकाच पुस्तकात बांधून संस्थेचा वादच वाचकापुढे ठेवला गेला.

त्याच सुमारास, 1933 ते 1935 या काळात, कृष्णचंद्र भट्टाचार्य हे बंगालमधील नामवंत तत्त्वज्ञ येथे संचालक होते. संस्थेचे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक 1925 पासून निघत असे. भट्टाचार्यांचा केवलतत्त्वाच्या पर्यायी रूपांवरचा निबंध त्यातच 1934 मध्ये आला. हा निबंध आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गात धरून बसावे लागते इतका अवघड आहे. जगातल्या ग्रंथालयांत त्याच्या तळटिपेत प्रकाशनस्थळ म्हणून ‘अमळनेर’ छापलेले असते. भुसावळच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला हे सांगून पटणार नाही.

पुढे हे त्रैमासिक थांबले. 1973 मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ सुरू झाले, त्यावर पुणे विद्यापीठाबरोबर अमळनेरच्या प्रताप केंद्राचेही नाव होते.

प्रताप हायस्कूल. खानदेश एज्युकेशन सोसायटीची शाळा. नाव प्रतापशेठांचे, पण महाराष्ट्राला ती माहीत आहे साने गुरुजींमुळे. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. तेथे त्यांचे मन रमले नाही. 1924 मध्ये ते शाळेत शिक्षक झाले आणि त्यांच्याकडे वसतिगृह आले. प्रतापशेठांनी काढलेल्या एका संस्थेतून निघून गुरुजी त्यांचेच नाव मिरवणाऱ्या दुसरीत गेले, आणि मधल्या त्या काही पावलांत वेदान्ताचा एक अभ्यासक कमी होऊन मराठी मुलांना त्यांचे गुरुजी मिळाले.

वसतिगृहात त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. रोजचा अंक हाताने लिहायचा आणि मुलांनी तो वाचायचा. त्यात मुलांच्या चुका असत, थोरांच्या गोष्टी असत, देशातल्या घडामोडीही असत. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक वसतिगृहाच्या भिंतीआडचेच. पुढे ‘श्यामची आई’तल्या श्यामची ऐकणाऱ्यांना समोर बसवून सांगण्याची जी सवय दिसते, तिचा सराव या पानांवर झाला असे मानायला हरकत नाही. 1930 मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. अमळनेर मात्र सुटले नाही. 1938 मध्ये त्यांनी येथूनच ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले आणि गिरणी कामगारांतही काम केले. म्हणजे ‘प्रताप’ नावाच्या तीन संस्थांशी त्यांचा तीन नात्यांनी संबंध आला: एकीत विद्यार्थी, दुसरीत शिक्षक, आणि तिसरीच्या दाराबाहेर कामगारांच्या बाजूने.

प्रताप महाविद्यालय. स्थापना 1945. तालुक्याच्या गावी महाविद्यालय ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. पुढे ते पुणे विद्यापीठाला जोडलेले होते. 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाल्यावर तिकडे गेले. त्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. महाविद्यालयाचे मैदान अलीकडे गाजले ते 2 ते 4 फेब्रुवारी 2024 या दिवसांत, 97 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे. मराठी वाङ्मय मंडळ यजमान, रवींद्र शोभणे अध्यक्ष, आणि प्रतापच्या आवारात उभारलेल्या नगरीला नाव साने गुरुजींचे. याआधीचे अमळनेरचे संमेलन 1952 चे, अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी. 2024 मध्ये त्याच दिवसांत गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. त्याचे अध्यक्ष वासुदेव मुलाटे.

नाव न घेतलेली संस्था. महाविद्यालय निघाले त्याच 1945 सालच्या 29 डिसेंबरला अमळनेरच्या आणखी एका कारखान्याची कंपनी नोंदली गेली: महमद हुसेन हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. वनस्पती तूप, तेल आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा धंदा. तीच पुढची विप्रो. गावातल्या ज्यांनी सुरुवातीला हौसेने किंवा भिडेखातर तिचे शेअर घेतले आणि विकायचे विसरले, त्यांच्या वारसांची गोष्ट आता अर्थविषयक पुरवण्यांत येते. पैशाच्या हिशेबात तिने प्रताप नावाच्या साऱ्या संस्थांना मागे टाकले, पण गावात नाव उरले ते प्रतापशेठांचेच.

इतरत्र. धुळ्याची न्यू प्रताप मिल ही वेगळी गिरणी. जुन्या कागदपत्रांत दोन्हींची नावे जवळजवळ सारखी असल्याने गफलत होते, म्हणून ‘न्यू’ हा शब्द आणि गावाचे नाव दोन्ही पाहावे. चोपड्याला प्रताप विद्या मंदिर ही शाळा आहे. जळगाव आणि नागपूर येथील प्रताप नगर या वसाहती या नोंदीत येत नाहीत.