२२ ऑक्टोबर १८४४

न्यूयॉर्क प्रांतातील विल्यम मिलर या शेतकऱ्याने, दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे असा हिशेब मांडून, ख्रिस्ताचे पुनरागमन समीप असल्याचे प्रतिपादिले, आणि अनुयायांनी अखेरीस २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख मुक्रर केली, तेव्हा कित्येकांनी दुकानांना कुलपे घातली, देणी चुकती केली आणि बटाटे जमिनीतच राहू दिले. ती रात्र सरली, प्रभू आला नाही, उपहासाला मात्र ऊत आला. तथापि काहींनी तारखेचा अट्टहास सोडूनही प्रतीक्षा सोडली नाही. १८६३ साली त्यांनी स्थापिलेल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीने पुढे देशोदेशी रुग्णालये व शाळा उभारल्या. पुण्यात औंधचे स्पायसर विद्यापीठही तिचेच. धनी केव्हा परतेल हे ठाऊक नसलेला कारभारी दप्तर रोजच्या रोज चोख ठेवतो, तशीच या मंडळीची ही सेवा म्हणजे प्रभूच्या आगमनाची तयारी होय.