गुप्तता नक्की कुणाची? पापनिवेदन, चर्च आणि तक्रारींचा इतिहास

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या एखाद्या कॅथलिक कुटुंबाला आपल्या फादरविरुद्ध चर्चकडे दाद मागायची असेल, तर ते कुणाकडे जाईल? मुंबईच्या आर्चबिशपांकडे. कारण रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतात येतो. म्हणून मुंबईत अशी तक्रार कशी हाताळली गेली, हा प्रश्न आपल्या घाटाखालच्या गावांचाही आहे.

नोव्हेंबर २०१५. गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या चर्चमध्ये फादरने १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. कुटुंबाने आर्चबिशपांची भेट घेतली, आणि पुढे पोलिसांकडे गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पॉक्सो न्यायालयाने त्या फादरला जन्मठेप सुनावली. चर्चच्या वरिष्ठांनी स्वतःहून पोलिसांना का कळवलं नाही, असा प्रश्न मधल्या काळात विचारला गेला. महाधर्मप्रांताने कुचराईचा आरोप फेटाळला.

अशा प्रकरणांची चर्चा सुरू झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पण कन्फेशन गुप्त असतं ना!’ संशोधन करणाऱ्याने इथेच थांबून विचारायचं: कुठली गुप्तता? कारण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली दडतात.

पहिली, पापनिवेदनाची मोहर. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक कॅथलिकाला वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केलं, आणि ते फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून मठात कायमचं प्रायश्चित्त घ्यायला लावायचं ठरवलं. नीट बघा, हे बंधन ऐकणाऱ्यावर आहे. सांगणाऱ्यावर नाही. उलट पापनिवेदनाच्या आडून धर्मगुरूने लैंगिक मागणी केली तर त्याची तक्रार करणं हे सांगणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांच्या आज्ञापत्राने सगळ्या कॅथलिक जगासाठी ठरवलं. म्हणजे हा गैरवापर चर्चला चारशे वर्षांपूर्वीच माहीत होता.

दुसरी, कार्यालयाची गुप्तता. १९२२ मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये व्हॅटिकनने अशा तक्रारींची चौकशी कशी करायची याच्या सूचना काढल्या. त्यात चौकशीच कडक गुप्ततेखाली ठेवली होती. ही मोहर नव्हे, हा प्रशासनाचा नियम. म्हणूनच १७ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अत्याचाराच्या प्रकरणांवरची ‘पोपीय गुप्तता’ उठवली, तरी पापनिवेदनाची मोहर जशीच्या तशी राहिली. दोन्ही एकच असत्या तर हे जमलंच नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे नुसतं गप्प बसणं. त्याला कुठल्याच नियमाचा आधार नसतो.

आता गोवंडीकडे परत या. कुटुंब आर्चबिशपांना भेटलं ते तक्रार घेऊन, पापनिवेदन करायला नव्हे. म्हणजे मोहरेचा प्रश्न तिथे येतच नव्हता. आणि भारतीय कायदा काय म्हणतो? २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवायचं आहे. ‘कुणीही’ या शब्दात धर्मगुरूंसाठी अपवाद नाही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १८७२ च्या पुरावा कायद्याने वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण दिलं, पण धर्मगुरूपुढच्या निवेदनाला तसं कलम दिलं नाही.

मग इतिहासकाराने पुरावा शोधायचा कुठे? आपल्याकडे याचं सर्वात अवघड उदाहरण म्हणजे गोव्याचं इन्क्विझिशन. त्याची हद्द चौल आणि वसईपर्यंत होती. १८१२ मध्ये ते बंद झाल्यावर बहुतेक खटल्यांची कागदपत्रं नष्ट करण्यात आली. १५६१ ते १६२३ मधल्या सुमारे ३,८०० खटल्यांची जुआंव देलगादू फिगैरा यांनी केलेली सूची मात्र लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात उरली. नोंद आहे, पण जबाब नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे शब्द आधी गेले.

एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट शिकतो: यंत्राला दिसलं नाही, याचा अर्थ नमुन्यात नव्हतं असा होत नाही. आधी यंत्राची मर्यादा लिहायची, मग निष्कर्ष. दप्तरखान्यातही तेच. एखाद्या चर्चच्या, आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या नोंदवहीत तक्रार सापडली नाही, तर ‘तक्रार नव्हती’ असं लिहू नका. तक्रार कुणाकडे करायची होती, ती लिहून घेण्याचं बंधन कुणावर होतं आणि ते कागद कुणाच्या ताब्यात राहिले, हे तीन प्रश्न आधी विचारा.

आणि एक सांगून ठेवते. मुलाखती घेताना एखादं मूल तुम्हाला असं काही सांगेल, तर संशोधनातली गोपनीयता तुम्हालाही कलम १९ मधून सोडवत नाही. संमतीपत्रावर हे आधीच लिहा, आणि समोरच्याला वाचून दाखवा.